‘बाकीचे आम्ही पाहतो’

शाबानचे शेवटचे दिवस होते. मगरिबनंतर आमचा एक माजी विद्यार्थी घरी आला. आठवीत असताना मागच्या बाकावर बसून वहीच्या शेवटच्या पानावर दुकानांच्या पाट्या रंगवणारा मुलगा. आता मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसतो. हातात थर्माकोलचा डबा होता. आम्हाला वाटले, काही खायचे आणले असेल. झाकण काढले तर आत फोटोचे रोल. पिवळ्या आणि हिरव्या खोक्यांतले, एकावर एक नीट रचलेले, मोजून एकशे चाळीस. खोक्यांच्या कडेला मुदतीची तारीख छापलेली. कुणाची 2007, बहुतेकांची 2009, दोन-चारांची 2011.

त्याच्या वडिलांची आमच्या भागात कलर लॅब होती. औरंगाबाद शहरात (कागदोपत्री आता छत्रपती संभाजीनगर) त्या काळी चौकाचौकांत अशा लॅबच्या पाट्या असायच्या. मग डिजिटल कॅमेरे आले, त्यांच्यामागून मोबाइल आले आणि 2012 च्या सुमारास ही लॅब बंद पडली. मशीन भंगारात गेले, दुकानात झेरॉक्स आणि रिचार्ज सुरू झाले. वडील दोन वर्षांपूर्वी अल्लाहला प्यारे झाले. घरातला जुना फ्रीज मात्र चालूच राहिला होता. वरच्या भागात अम्मीचे दही, खालचा कप्पा अब्बांचा. त्या कप्प्याला कुणी हात लावत नसे. आता फ्रीज बदलायची वेळ आली तेव्हा हे रोल निघाले.

“सर, ये माल अब्बी बिकता है,” तो म्हणाला. “कॉलेज के पोट्टे डबल भाव देते. बस तीन लाइनां लिख को लाया हूं, मराठी और उर्दू में जरा सेट करके दो.”

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. बी.एड. केले, पण जाहिरात कशी लिहावी हे कुणी शिकवले नाही. तरी गल्लीतले अर्ज, निवेदने, लग्नाच्या पत्रिका मराठीत करून देण्याचे काम आमच्याकडेच येते. तेव्हा हेही आलेच, असे म्हणून आम्ही कागद हातात घेतला. त्यावर तीन ओळी होत्या. फिल्म खोटे बोलत नाही. छत्तीसच फोटो, म्हणून प्रत्येक मोलाचा. आणि तिसरी, खास मुलींसाठी : तुमचा फोटो फक्त तुमचा.

कागद पाच मिनिटांत परत देता आला असता. तो आमच्याकडे तीन आठवडे राहिला. या तीन आठवड्यांत आम्ही स्वतःशी आणि त्या मुलाशी जो वाद घातला तो वाचकांपुढे ठेवत आहोत. प्रश्न रोलचा आहे म्हणून क्षुल्लक समजू नये. ज्या वस्तूचे काम दुसऱ्या वस्तूने केव्हाच हिरावून घेतले आहे, ती वस्तू विकताना माणूस नेमके काय विकतो, आणि ती कमाई हलाल कशी राहते, असा तो प्रश्न आहे.

आमच्या सभासंमेलनांत कॅमेऱ्याचा विषय निघाला की इब्न अल-हैसम यांचे नाव येते आणि टाळ्या पडतात. हजार वर्षांपूर्वी कैरोत त्यांनी प्रकाशावर ‘किताब अल-मनाझिर’ लिहिली, अंधाऱ्या खोलीतल्या बारीक छिद्रातून प्रकाश कसा येतो ते तपासले. टाळ्या वाजवाव्यात, हरकत नाही. पण त्या अंधाऱ्या खोलीत पडलेले चित्र टिकत नव्हते. सूर्य गेला की तेही गेले. ते टिकवण्याची विद्या एकोणिसाव्या शतकात युरोपात निघाली आणि ती घरोघर विकण्याची विद्या अमेरिकेत. 1888 साली जॉर्ज ईस्टमन यांनी पंचवीस डॉलरला पहिला कोडॅक कॅमेरा काढला. आत शंभर फोटोंचा रोल भरलेलाच. रोल संपला की आख्खा कॅमेरा रोचेस्टरच्या कारखान्यात पाठवायचा. दहा डॉलरमध्ये फोटो धुऊन, नवा रोल भरून तो परत यायचा. त्यांची घोषणा जगभर गाजली. तिचा मतलब असा, की तुम्ही फक्त बटण दाबा, बाकीचे आम्ही पाहतो.

‘बाकीचे’ या शब्दावर आम्ही नंतर येणारच आहोत.

पुढच्या शंभर वर्षांत कॅमेरा स्वस्त होत गेला आणि खरा नफा रोलमध्ये, धुलाईत, कागदात राहिला. 1900 साली ब्राउनी कॅमेरा एक डॉलरला मिळू लागला, तो मुलांसाठी म्हणून. आमच्या लहानपणी केबी-10 नावाचा कॅमेरा घराघरांत दिसायचा, त्यामागचा हिशेब तोच. एकदा कॅमेरा घरात शिरला की रोल आपोआप शिरतो. गंमत अशी की रोलला मारणारी वस्तू त्याच कंपनीत जन्मली. 1975 साली स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरने तिथेच पहिला डिजिटल कॅमेरा जोडला. एक चित्र कॅसेटवर उतरायला 23 सेकंद लागत. 1978 साली कंपनीला त्याचे पेटंट मिळाले, आणि कंपनी रोल विकत राहिली. जानेवारी 2012 मध्ये ती दिवाळखोरीच्या अर्जापर्यंत आली.

यावर हसण्याचा अधिकार निदान आमच्या शहराला नाही. शेजारच्या चितेगावला व्हिडिओकॉनचा कारखाना होता, त्यावर इथली किती घरे चालली. सपाट पडद्यांचे टीव्ही दारात उभे असताना 2005 साली त्या कंपनीने थॉमसन या फ्रेंच कंपनीचा पिक्चर ट्यूबचा धंदा विकत घेतला. 2018 मध्ये ती दिवाळखोरीच्या कारवाईत गेली. मावळती वस्तू विकणाऱ्याला सूर्य दिसत नाही असे नाही. तो पाठ करून उभा असतो, कारण पगार त्या बाजूला असतात. आपल्या सरकारनेही उटीला हिंदुस्तान फोटो फिल्म्स काढली होती, 1960 साली. ‘इंदू’ नावाचा तिचा रोल असे. तीही गेली.

म्हणून प्रथम आम्हाला वाटले, हा मुलगा मढे विकायला निघाला आहे. चौकशी केली तेव्हा कळले की मढे उठून बसले आहे. कोडॅकने 2012 मध्ये बंद केलेली एक्टाक्रोम फिल्म 2018 मध्ये पुन्हा बाजारात आणली. पोलरॉइडने 2008 मध्ये झटपट फोटोची फिल्म बंद केली, तेव्हा नेदरलँड्समधल्या एन्स्खेडे गावची यंत्रे काही लोकांनी भंगारात जाऊ दिली नाहीत. तशी फिल्म आज दुकानात आहे. इंग्लंडच्या हार्मन कंपनीने 2023 च्या डिसेंबरात नवा रंगीत रोल काढला. पेन्टॅक्सने 2024 मध्ये चक्क नवा रोलचा कॅमेरा काढला. एका फ्रेममध्ये दोन फोटो बसवणारा, म्हणजे छत्तीसचे बहात्तर. काटकसरीची ही युक्ती आमच्या अब्बांना फार आवडली असती.

तर आता दुसऱ्या ओळीपासून सुरुवात करतो. छत्तीसच फोटो, म्हणून प्रत्येक मोलाचा. जगभर रोल आज याच बोलीवर विकला जातो. थांबा, सावकाश घ्या, मोजून घ्या. मोबाइलमध्ये नऊ हजार फोटो पडून आहेत आणि एकही पाहिला जात नाही, या अजीर्णावरचे औषध म्हणून.

आम्हाला हे ऐकून आधी रागच आला. आमच्या घरात छत्तीसचे बंधन कुणी औषध म्हणून घेतले नव्हते. कॅमेरा मामूंचा, मागून आणलेला. रोल अब्बांच्या पगारातला. एकाच रोलवर ईद, धाकट्याचा अकीका आणि चुलत बहिणीचा निकाह. ईदेला सहाच फोटो, त्यात तीन भावंडे एकत्र, म्हणजे एकाच्या डोळ्यांची पापणी मिटली तर तिघांची ईद गेली. अठ्ठेचाळीस पाहुणे आणि शिल्लक अकरा फोटो असा हिशेब करणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. रोलमधून चुकून सदतिसावा फोटो निघाला तर घरात बरकत झाल्यासारखे वाटे. दादीचा तर आयुष्यात एकच फोटो, हजच्या पासपोर्टसाठी काढलेला, त्यातही ती कॅमेऱ्याकडे न पाहता फोटोग्राफरच्या खांद्यावरून भिंतीकडे पाहते आहे. ती टंचाई होती. आज कुणी तीच टंचाई रंगीत खोक्यात घालून श्रीमंतांच्या मुलांना विकतो, आणि ती मुले तिला संस्कार समजून घेतात.

पण रमजान सुरू झाला आणि आमचा राग आमच्यावरच उलटला. सक्तीच्या उपासमारीला कुणी रोजा म्हणत नाही. घरात अन्न नाही म्हणून उपाशी राहिलेल्या माणसाबद्दल कळवळा वाटावा. पण रोजा तो, ज्यात समोर पाणी आहे आणि नियत करून हात आवरला आहे. मग ज्या मुलाच्या खिशात नऊ हजार फोटोंची सोय आहे आणि तरी तो छत्तीसवर थांबतो, त्याच्या थांबण्यात आमच्या 1998 सालच्या थांबण्यापेक्षा अधिक काही आहे काय? हा हिशेब आम्हाला आवडला नाही. चुकीचाही म्हणता आला नाही. एवढेच म्हणता आले की रोजा कुणी विकत नाही; सहरीला उठवणारा मोहल्ल्यातून हाका देत जातो, तो भूक विकत नसतो. आणि रोल विकणाऱ्याचा फायदा तुम्ही एका रोलवर न थांबण्यात आहे. तरीही ओळ खोटी नव्हती. रोलमध्ये फोटो छत्तीसच असतात. ती आम्ही तशीच ठेवली.

पहिली ओळ सरळ खोडली. फिल्म खोटे बोलत नाही म्हणे! आमच्या वाडवडिलांच्या किती फोटोंत चेहऱ्यावरचे देवीचे वण नाहीत, पण चेहऱ्यावर होते. स्टुडिओवाला निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल फिरवायचा आणि वण गायब. ते खोटे प्रेमाचे होते, पण खोटेच. त्या मुलालाही हे ठाऊक होते, वाद न घालता तो म्हणाला, “हौ, काट डालो.” या ओळीमागची तहान मात्र आम्ही समजू शकतो. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवेने पाच निरपराध भटक्या माणसांना जमावाने ठार मारले. ते भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी होते. अशा अफवांबरोबर मोबाइलवर फिरणारी चित्रे आणि व्हिडिओ कुठले असतात, कधीचे असतात, कुणी पाहत नाही. कोणत्या दिवशी कुठला फोटो फिरेल आणि आपल्या गल्लीच्या तोंडावर पोलिसांची गाडी उभी राहील, या धास्तीत जगणाऱ्या माणसाला हातात धरता येणारी, उजेडात पाहता येणारी निगेटिव्ह ही साक्षीदार वाटली तर नवल नाही. पण हा साक्षीदारही आता स्कॅन होऊनच बाहेर येतो. स्कॅन झाला की तो इतरांसारखाच.

मग मुदतीचा मुद्दा. फिल्मवर चांदीचे क्षार जिलेटिनमध्ये कालवून लावलेले असतात. (हे जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्याचे. जगातल्या सगळ्या गोड आठवणी कसायाच्या दुकानातून गेल्या आहेत, हे आमच्या कुरेशी मित्रांनी लक्षात ठेवावे.) काळ जातो तशी त्या क्षारांची प्रकाश ओळखण्याची ताकद घटते, सगळ्यावर धुक्यासारखा पडदा चढतो, आणि रंगांचे थर सारख्या वेगाने म्हातारे होत नाहीत म्हणून कुठे जांभळी, कुठे हिरवट झाक येते. उष्णतेत हे लवकर होते आणि आमच्या मराठवाड्याचा मे महिना सर्वांना ठाऊक आहे. फ्रीजमुळे हे रोल बरेच वाचले असणार, पण पंधरा-सोळा वर्षे कमी नव्हेत. धंद्यातले लोक सांगतात, दहा वर्षांमागे उजेड दुप्पट द्यावा. तरीही कोरा निघाला तर निघाला.

आम्हाला धान्याच्या ढिगाची गोष्ट आठवली. ती आपल्याकडे प्रत्येक मुलाने दीनियातच्या तासाला ऐकलेली असते. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जाताना एका ढिगात हात घालतात, बोटांना ओल लागते. विक्रेता म्हणतो, पावसाने भिजले. त्यावर ते विचारतात, मग भिजलेले वर का ठेवले नाही, लोकांना दिसले असते. आम्ही हे त्या मुलाला सांगितले. त्याने उत्तर तयारच ठेवले होते.

“सर, मैं तो गीला माल उप्परच रख रहा हूं. उसीच का भाव है.”

आणि हे खरे होते! जांभळी झाक, धुके, अंदाज न येणे, हेच त्या पोरांना हवे असते. मुदत तो लपवत नव्हता, मोठ्या अक्षरांत छापणार होता. ओले धान्य वर, आणि त्याचा भाव कोरड्यापेक्षा जास्त. विक्रेत्याने दोष सांगितला आणि ग्राहकाने दोषासाठीच पैसे मोजले, तर फसवणूक कुठे आहे? आम्ही दोन दिवस विचार केला आणि हरलो. इथे फसवणूक नाही. फार तर शौक आहे, आणि शौकाची मोजदाद ज्याची त्याने करावी.

ओल दुसरीकडे होती. तिसऱ्या ओळीखाली.

तुमचा फोटो फक्त तुमचा. ही ओळ त्याने कुठून आणली ते आम्हाला लगेच कळले. जुलै 2021 मध्ये, आणि पुन्हा 2022 च्या पहिल्याच दिवशी, शिकल्यासवरलेल्या, लिहित्या-बोलत्या मुस्लिम स्त्रियांचे इंटरनेटवरचे फोटो उचलून त्यांचा खोटा ‘लिलाव’ मांडणारी ॲप निघाली. दुसऱ्या प्रकरणात मुंबई पोलिसांच्या सायबर शाखेने काही तरुणांना पकडले. त्या ॲपची नावे आम्ही इथे लिहीत नाही. ती नावेच शिवी आहेत. त्या आठवड्यात आमच्या ओळखीच्या किती मुलींनी आपले फोटो काढून टाकले, किती घरांत मुलींच्या हातातून मोबाइल गेला, याची नोंद कुठे नाही. आमच्या विद्यार्थ्याने ही भीती पाहिली होती, त्याची बहीण तेव्हा बारावीला होती. आता त्या भीतीला तो गिऱ्हाईक समजत होता. त्याच्या मनात कपट होते असे आम्ही म्हणत नाही. त्याला खरेच वाटत होते की रोल सुरक्षित आहे, कारण तो इंटरनेटला जोडलेला नसतो.

आम्ही विचारले, रोल धुणार कुठे?

“मुंबई. कुरियर से.”

मग?

“वो लोगां स्कॅन करके लिंक भेजते. मैं लिंक आगे भेज देता.”

म्हणजे मुंबईच्या लॅबमधला माणूस फोटो पाहणार, त्यांच्या संगणकात तो राहणार, लिंकमध्ये राहणार, याच्या मोबाइलमध्ये राहणार, आणि एवढ्या हातांतून जाऊन तो फोटो फक्त तिचा. ‘बाकीचे आम्ही पाहतो’ या घोषणेतला ‘बाकीचे’ तो हाच. 1888 पासून रोलच्या जाहिरातीत बटण दाबणारा हसरा चेहरा असतो, बाकीचे पाहणारा कधी नसतो. आणि अंधाऱ्या खोलीत तुमचे घर उघडून पाहणारा तोच एकटा असतो.

हा प्रश्न आपल्या भागात नवा नाही. औरंगाबाद तेव्हा निजामाच्या राज्यात होते. सहाव्या निजामाचे दरबारी फोटोग्राफर लाला दीनदयाळ, ज्यांना पुढे ‘मुसव्विर जंग’ हा किताब मिळाला, त्यांनी वेरूळच्या लेण्यांचे फोटो काढले, दरबाराचे काढले, शिकारींचे काढले. पण पडद्यातल्या बेगमांचे फोटो कोण काढणार? 1892 साली त्यांनी हैदराबादेत जनाना स्टुडिओ उघडला आणि तो मिसेस केनी-लेव्हिक या इंग्रज बाईंच्या हाती दिला. पुरुषाची नजर पडू नये अशी व्यवस्था केली. म्हणजे काचेच्या प्लेटच्या जमान्यातच धंदेवाईक माणसाला उमगले होते की गिऱ्हाइकाला फोटोइतकीच खात्री हवी असते, आणि खात्रीसाठी माणूस ठेवावा लागतो, खर्च करावा लागतो. नुसती पाटी लावून भागत नाही.

आमच्या मोहल्ल्यात ती खात्री म्हणजे या मुलाचे वडील. रंगीत रोलच्या धुलाईतला डेव्हलपरचा टप्पा 37.8 अंशांवर सव्वातीन मिनिटे चालतो, ते काम मशीन करी. पण प्रिंट काढताना रंग जुळवायला एकेक फ्रेम डोळ्यांनी पाहावी लागे. मोहल्ल्यातली बुरख्याबाहेर कधी न आलेली बाईसुद्धा त्यांनी पाहिलेली होती, लग्नाच्या जोड्यात, अंगणात, बाळंतपणानंतर उशीला टेकलेली. आणि रस्त्यात ते मान खाली घालून चालत. आमची अम्मी सांगते, घरातल्या बायकांचा रोल असला की ते पोऱ्याला जोहरनंतर घरी पाठवून स्वतः बसत. पाकिटाला दोन स्टेपल मारत. बिघडलेल्या प्रिंट कचऱ्यात टाकत नसत, कात्रीने बारीक करून जाळत. याची जाहिरात त्यांनी कधी केली नाही. दुकानाच्या पाटीवर कंपनीचे नाव मोठे आणि ‘तीस मिनिटांत फोटो’ एवढेच. लोक मात्र जवळची लॅब सोडून तिथे येत. ज्याला आपण अमानत म्हणतो ती या धंद्यात काउंटरच्या मागे असे, किमतीत धरलेली नसे.

हे आम्ही त्याला सांगितले तेव्हा तो चिडला. चिडण्याचे कारण आम्हाला नंतर कळले. त्या वेळी तो एवढेच म्हणाला, “सर, आप भी तो बच्चों के फोटो ग्रुप पे डालते.”

उत्तर नव्हते. शाळेत खिचडी वाटली की फोटो, झाड लावले की फोटो, शपथ घेतली की फोटो. ग्रुपवर टाकायचा, वर पाठवायचा, नाही तर काम झालेच नाही असे धरले जाते. 2016 साली तर राज्य सरकारने शिक्षकांनी विद्यार्थ्यांसोबत सेल्फी काढून सरल प्रणालीवर चढवावेत असा आदेश काढला होता. विरोध झाला आणि तो मागे पडला. पण सवय मागे पडली नाही. आमच्या मोबाइलमध्ये आज आठवी-नववीच्या मुलींचे शेकडो फोटो आहेत. त्यांच्या पालकांना आम्ही कधी विचारलेले नाही. त्या रात्री आम्ही ते खोडायला बसलो. मोबाइलमधून खोडले; ग्रुपमध्ये, तालुक्याच्या कार्यालयात, आणखी कुठकुठे ते आहेत ते आमच्या हातात राहिलेले नाही. अब्बांच्या पिढीने एका माणसावर विश्वास ठेवला आणि त्याला रस्त्यात सलाम केला. आम्ही कुणावर ठेवला आहे ते आम्हाला सांगता येत नाही, मग सलाम कुणाला करणार?

दुसऱ्या दिवशी तो परत आला तो आणखी एक डबा घेऊन, बिस्किटांचा, पत्र्याचा. आत पाकिटे. लोकांनी धुवायला टाकलेले आणि न्यायला न आलेले रोल, प्रिंट, निगेटिव्ह. कुणाकडे पैसे नव्हते, कुणी शहर सोडले, कुणाचा निकाह मोडला. वडिलांनी एकही फेकले नव्हते. जाहिरातीत नमुना म्हणून यातले चार-पाच फोटो वापरायचे त्याच्या मनात होते, तीस वर्षांपूर्वीच्या नवऱ्या, जरीचे दुपट्टे, जुने रंग. आदल्या दिवशी चिडला होता तो यामुळे. दोन फोटो त्याने स्कॅनही केले होते. ते त्याने आमच्यासमोर मोबाइलमधून खोडले. आम्ही सांगितले नव्हते.

मग आम्ही लेबल लिहून दिले. मराठीत आणि उर्दूत. ‘छत्तीस फोटोंचा रोल. मुदत 2009 मध्ये संपली. फ्रीजमध्ये ठेवलेला. फोटो येतीलच याची हमी नाही, आले तर रंग बदललेले येतील. धुलाई मुंबईत होते. तिथला माणूस तुमचे फोटो पाहतो आणि संगणकावर प्रत ठेवतो. नको असल्यास आधी सांगा, स्कॅन न करता फक्त निगेटिव्ह मागवू.’

त्याने वाचले आणि म्हणाला, “सर, ये ॲड है के वसीयतनामा?”

तरी छापले. ईदेनंतर एका मुलाच्या हातात आम्ही तो रोल पाहिला. लेबलवर सगळी वाक्ये होती. फक्त ‘तिथला माणूस तुमचे फोटो पाहतो’ हे वाक्य इतक्या बारीक अक्षरांत होते की चष्म्याशिवाय दिसू नये. आम्ही फोन केला. तो म्हणाला, जागा कमी पडली. पुढच्या खेपेला मोठे करतो म्हणाला. एकशे चाळीसपैकी तेवीस रोल गेले आहेत. केवळ निगेटिव्ह मागवणाऱ्या आतापर्यंत तीन निघाल्या. त्यांतल्या एकीचा रोल संपूर्ण कोरा निघाला, त्याचे पैसे त्याने परत केले. हमी नव्हती, तरी केले.

पत्र्याच्या डब्यातली पाकिटे तो घरोघर पोहोचवतो आहे. एकशे दहाच्या वर होती. काही जणांनी घेतली, एका बाईंनी न उघडताच चुलीत घातली, एका घरी माणूस ट्यूबलाइटखाली निगेटिव्ह धरून बराच वेळ उभा राहिला आणि मग विचारले, धुलाईचे किती द्यायचे राहिलेत. चाळीसेक पाकिटांवरचे पत्ते आता त्या नावाने उरलेले नाहीत. त्यांचे काय करावे, जाळावीत की ठेवावीत, हे त्याने दोन आलिमांना विचारले. दोघांनी दोन उत्तरे दिली. घरी भावाबहिणींची पोरे डबा उघडतात, म्हणून तो त्याने आमच्याकडे ठेवला आहे. शाळेच्या कपाटात ठेवणार होतो, पण त्या कपाटाच्या किल्ल्या चार जणांकडे आहेत. घरीच आहे, अम्मीच्या पेटीत.